माणकाचा लाल रंग आणि वर्णपटाची साक्ष

कृत्रिम माणिक तयार करण्यासाठी दोन भुकट्या लागतात. पहिली ॲल्युमिनियम ऑक्साइडची. ती पांढरी शुभ्र असते. दुसरी क्रोमियम ऑक्साइडची. ती गर्द हिरवी असते, आणि रंगांत व चिनी मातीच्या भांड्यांच्या झिलईत हिरवा रंग म्हणूनच ती वापरली जाते. पहिलीच्या शंभर भागांत दुसरीचे एक-दोन भाग मिसळून ते मिश्रण ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या प्रखर ज्योतीतून हळूहळू खाली सोडले, म्हणजे दोन हजार अंशांहून अधिक उष्णतेत ते वितळते आणि खालच्या आधारावर साचत साचत त्याचा एक लांबट स्फटिक तयार होतो. ओग्युस्त व्हेर्नोय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. घड्याळातील बारीक आसांना आधार देणारे लाल खडे पुढे याच रीतीने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले.

पांढऱ्यात थोडे हिरवे मिसळले तर फिकट हिरवे मिळावे, अशी सामान्य अपेक्षा. ज्योतीखाली तयार होणारा स्फटिक मात्र लाल असतो. हा लाल रंग दोहोंपैकी कोणत्याही भुकटीत नव्हता; मग तो आला कोठून?

माणिक, नीलम आणि कुरुंद यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे तिन्ही पदार्थ मुळात एकच होत. प्रत्येकात ॲल्युमिनियमच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन अणू असतात. कुरुंदाचा दगड धार लावण्यासाठी व घासकामासाठी वापरतात. हिऱ्याखालोखाल कठीण अशा खनिजांत त्याची गणना होते. त्याचे नाव भारतीय भाषांतूनच युरोपात गेले व तेथील शास्त्रीय परिभाषेत कोरंडम या रूपाने रूढ झाले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पद्मरागाची, म्हणजे माणकाची, उत्पत्ती सांगताना कुरुविंदाचा उल्लेख येतो. प्राचीन रत्नपरीक्षकांना या दोहोंतील नात्याची काही जाणीव होती एवढे त्यावरून म्हणता येईल. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढणे योग्य होणार नाही.

शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात लोह व टायटॅनियम यांचे अंश एकत्र आले, तर तो निळा होऊन त्यास नीलम म्हणतात. क्रोमियमचा अंश आला तर त्याचे माणिक होते, आणि त्यासाठी ॲल्युमिनियमच्या शंभर अणूंपैकी एखाद्याच्या जागी क्रोमियमचा अणू बसणे पुरेसे असते. क्रोमियम हे मूलद्रव्य लुई निकोला व्होक्लँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये सायबेरियातील शिशाच्या एका तांबड्या खनिजात शोधून काढले. त्याची संयुगे नाना रंगांची असल्यामुळे रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. लवकरच व्होक्लँला तेच मूलद्रव्य पाचूतही आढळले. येथे रसायनशास्त्राचे पृथक्करण थबकले. माणिक लाल का, याचे उत्तर क्रोमियम. पाचू हिरवा का, याचेही उत्तर क्रोमियम. ज्या उत्तराने परस्परविरुद्ध अशा दोन गोष्टींचा सारखाच उलगडा होतो, ते अपुरे आहे हे उघड आहे.

हा गुंता केवळ डोळ्यांनी सुटण्यासारखा नव्हता. मैफलीत गायकाचा आवाज, तंबोरा, पेटी आणि तबला हे सर्व एकाच वेळी कानावर पडतात, तरी जाणकार श्रोता प्रत्येकाचा नाद वेगळा ओळखू शकतो. डोळ्याला हे जमत नाही. त्याच्याकडे अनेक रंगांचे प्रकाश एकदम आले, तर त्याला एकच रंग दिसतो. त्यात कोणकोणते किरण मिसळले आहेत ते त्याला सांगता येत नाही. वर्णपटदर्शक, म्हणजेच स्पेक्ट्रोस्कोप, ही उणीव भरून काढतो. त्याच्या एका टोकाला बारीक फट असते. तीतून आत शिरलेला प्रकाश लोलकातून किंवा अत्यंत जवळजवळ रेघा आखलेल्या जाळीवरून गेला, की त्यातील निरनिराळे किरण अलग होऊन जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत एक रंगीत पट्टी उमटते. हाच वर्णपट. त्यातील प्रत्येक जागा तरंगलांबीने दर्शवितात. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोळ्याला दिसणारा वर्णपट सुमारे ४०० पासून ७०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो.

विजेच्या दिव्याचा प्रकाश माणकातून पाठवून या यंत्राने पाहिला, तर रंगीत पट्टीत दोन रुंद काळोखे पट्टे दिसतात. पहिला जांभळ्या टोकाकडे, सुमारे ४१० नॅनोमीटरच्या भोवती. दुसरा हिरव्या व पिवळ्या भागात, सुमारे ५५० नॅनोमीटरच्या भोवती. या जागांवरचा प्रकाश माणकाने गिळलेला असतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये, ४८० च्या आसपास, निळ्या रंगाची एक अरुंद खिडकी शिल्लक राहते, आणि ६१० च्या पलीकडे तांबडा प्रकाश जवळजवळ अबाधित बाहेर पडतो. मनुष्याचा डोळा भर प्रकाशात ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या किरणांना सर्वांत अधिक संवेदनशील असतो. माणकाचा दुसरा पट्टा नेमका त्याच जागी बसला आहे. डोळ्याला जे सर्वांत सहज दिसावे तेच काढून घेतल्यामुळे मागे उरलेला लाल रंग इतका भरदार भासतो. निळ्याच्या त्या अरुंद खिडकीतून येणारा प्रकाश त्यात मिसळल्याने कित्येक माणकांत किंचित जांभळट छटा येते.

आता माणकाच्या जागी पाचू ठेवावा. पट्टे दोनच, त्यांची ठेवणही साधारण तशीच; पण दोन्ही तांबड्या टोकाकडे सरकलेले. पहिला सुमारे ४३० वर, दुसरा सुमारे ६०० वर. त्यामुळे मधली खिडकी निळ्यातून निघून हिरव्यात आली, रुंदही झाली, आणि तांबड्याचा बराचसा भाग दुसऱ्या पट्ट्याखाली झाकला गेला. लाल आणि हिरवा या दोन रंगांत डोळ्याला वाटणारा विरोध वर्णपटात सुमारे ५० नॅनोमीटरच्या सरकण्याएवढाच आहे. पट्टे दोन्ही ठिकाणी क्रोमियमचेच असतात. त्यांची जागा ठरविणारे काहीतरी क्रोमियमच्या बाहेर असले पाहिजे, हा या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय.

ते बाहेरचे काय, हे समजण्यास स्फटिकाच्या आत डोकावले पाहिजे. कुरुंदातील ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या सहा अणूंनी वेढलेला असतो: साधारणतः एक वर, एक खाली व चार चहूबाजूंना. क्रोमियम त्याची जागा घेतो तेव्हा हेच सहा शेजारी त्याच्या वाट्याला येतात. ॲल्युमिनियमप्रमाणेच क्रोमियमनेही या स्थितीत तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. पण त्याच्या बाहेरच्या थरात आणखी तीन इलेक्ट्रॉन उरतात, आणि ॲल्युमिनियमपाशी तसे काही नसते. या तीन इलेक्ट्रॉनांना वावरण्यासाठी पाच कक्षक, म्हणजे पाच प्रकारच्या जागा, उपलब्ध असतात. अणू मोकळ्या अवकाशात एकटा असता, तर या पाचही जागांची ऊर्जा सारखी असती. स्फटिकात तसे राहत नाही. पाचांपैकी दोन कक्षक थेट ऑक्सिजनच्या दिशेने रोखलेले असतात. ऑक्सिजनवर ऋण विद्युत्भार, इलेक्ट्रॉनावरही ऋणच. त्यामुळे तेथे राहणे इलेक्ट्रॉनाला महागात पडते. उरलेले तीन कक्षक शेजाऱ्यांच्या मधल्या फटींतून जातात. ते स्वस्त पडतात. अशा रीतीने एका मजल्याचे दोन मजले होतात आणि तीन इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावरच्या तीन जागा एकेक करून व्यापतात. स्फटिकातील शेजाऱ्यांच्या विद्युत्क्षेत्रामुळे ऊर्जेच्या पातळ्या अशा विभागल्या जातात, हा सिद्धांत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये मांडला.

योग्य ऊर्जेचा प्रकाशकण आला, की एक इलेक्ट्रॉन तो गिळून वरच्या मजल्यावर चढतो. दोन मजल्यांतील अंतर मोठे असेल तर अधिक ऊर्जेचे, म्हणजे आखूड तरंगलांबीचे किरण गिळले जातात. अंतर कमी असेल तर लांब तरंगलांबीचे. माणकात हे अंतर सुमारे २.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, पाचूत सुमारे २.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वर चढलेला इलेक्ट्रॉन व खाली राहिलेले दोघे यांच्यातील परस्पर अपसारण दोन निरनिराळ्या प्रकारे जुळू शकते. म्हणून पट्टा एक न दिसता दोन दिसतात.

हे पट्टे रुंद व कडांना पुसट का असतात, यातही एक माहिती दडलेली आहे. ऑक्सिजनचे अणू स्वस्थ नसतात. ते सतत कंप पावत असतात. ते जवळ आले की मजल्यांतील अंतर वाढते, दूर गेले की घटते. त्यामुळे गिळला जाणारा प्रकाश एका तरंगलांबीचा न राहता मोठ्या पट्ट्यावर पसरतो. याउलट माणकाच्या वर्णपटात अगदी तांबड्या टोकाकडे, ६९२.८ आणि ६९४.३ नॅनोमीटरवर, केसासारख्या बारीक दोन रेषा असतात. येथे कोणताही इलेक्ट्रॉन मजला बदलत नाही; तिघांपैकी एकाची आभ्राम-दिशा तेवढी उलटते. मजल्यांतील अंतराशी या घटनेचा संबंध जवळजवळ नसल्याने शेजाऱ्यांच्या कंपनाचा तिला फारसा उपद्रव होत नाही, आणि रेषा रेखीव राहते. याच कारणाने पाचूतही अशा रेषा जवळपास त्याच जागी, ६८० ते ६८३ च्या दरम्यान, आढळतात. रुंद पट्टे शेजाऱ्यांप्रमाणे बदलतात, बारीक रेषा क्रोमियमची ओळख जवळजवळ कायम ठेवतात. एकाच वर्णपटातून दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात ती अशी.

या रेषा काळोख्या दिसतात तशा तेजस्वीही दिसू शकतात. हिरवा किंवा जंबुपार प्रकाश माणकावर टाकला, की ते स्वतः तांबड्या तेजाने उजळते. या तेजाचा बहुतेक सारा भाग त्या दोन रेषांत एकवटलेला असतो. वर चढलेला इलेक्ट्रॉन प्रथम थोडी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत गमावून मधल्या पातळीवर उतरतो, तेथे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट काळ थांबतो, आणि मग तांबडा प्रकाश सोडून मूळ स्थितीस येतो. या क्रियेस प्रतिदीप्ती म्हणतात. एकोणिसाव्या शतकात एदमाँ बेकेरेल यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. परंतु हे तेज ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच आहे असे त्यांचे मत होते. १८८६-८७ च्या सुमारास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी क्रोमियमचा लेशही नसलेला पदार्थ असा उजळत नाही, असे प्रतिपादन केले व त्यावरून वाद माजला. दोघांचेही प्रयोग प्रामाणिक होते. पण डोळ्याला न दिसणाऱ्या इतक्या अल्प अंशाने एवढा परिणाम व्हावा, हे त्या काळी सहज पटणारे नव्हते. शेवटी क्रोमियमचा पक्षच खरा ठरला. पुढे माणकाच्या या प्रकाशाचा अभ्यास भारतातही झाला. नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अणुकेंद्रीय वर्णपटविज्ञानात काम केलेले बी. व्ही. थोसर यांचे १९३८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेले निबंध याच विषयावर होते. जपानमधील सुगानो व तानाबे यांनी १९५८ मध्ये माणकाच्या वर्णपटातील पट्टे आणि रेषा यांची एकत्र गणिती उकल मांडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ मे १९६० रोजी, अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या दांड्यावर झगझगीत दिव्याचा झोत टाकून पहिला लेझर चालवून दाखविला. त्यातून निघालेल्या किरणाची तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर हीच होती.

जवाहिऱ्यांच्या एका जुन्या अनुभवाचे कारणही या प्रतिदीप्तीत सापडते. म्यानमारमधील मोगोकचे माणिक उन्हात निखाऱ्यासारखे पेटते, थायलंडचे माणिक त्यामानाने काळसर दिसते, अशी त्यांची ख्याती आहे. मोगोकची माणके संगमरवरी खडकात तयार झाल्यामुळे त्यांत लोह फार कमी असते. थायलंडमधील बेसाल्ट खडकांशी निगडित असलेल्या माणकांत लोहाचे प्रमाण अधिक असते, आणि लोह ही ऊर्जा मध्येच हिरावून घेऊन प्रतिदीप्ती मंद करते. उन्हातील हिरवे किरण गिळून त्यांचे तांबडे करून परत देण्याची शक्ती पहिल्यात शाबूत असते, दुसऱ्यात बरीचशी मावळलेली असते.

रत्नपरीक्षेत हातात मावेल एवढा लहान वर्णपटदर्शक पुष्कळ कामे करतो. लाल काचेत बारीक रेषा नसतात. लोहामुळे लाल झालेल्या गार्नेटमध्ये हिरव्या व पिवळ्या भागात तीन ठळक काळे पट्टे दिसतात. माणकाशी त्यांचे साम्य नसते. लाल स्पिनेल अधिक फसवे, कारण त्यातही क्रोमियमच असते. तथापि त्याची प्रतिदीप्ती दोन रेषांत न एकवटता अनेक रेषांच्या झुबक्यात विखुरते. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ म्हणून शतकानुशतके मिरविलेला खडा वस्तुतः स्पिनेलच आहे. पण खाणीतले माणिक व कारखान्यातले माणिक यांतील भेद हे यंत्र एरवी सांगू शकत नाही. दोहोंत तेच अणू त्याच रचनेत असल्याने वर्णपटही तोच येतो. तेथे सूक्ष्मदर्शक घ्यावा लागतो आणि ज्योतीखाली वाढलेल्या स्फटिकातील वक्र रेघा व वायूचे बुडबुडे शोधावे लागतात.

मुख्य प्रश्न अजून उरला आहे. माणिक आणि पाचू या दोहोंतही क्रोमियमभोवती सहा ऑक्सिजनच आहेत. मग मजल्यांतील अंतर वेगळे का? बराच काळ पाठ्यपुस्तकांतून याचे एक सुटसुटीत उत्तर दिले जात असे. लेस्ली ऑर्गेल यांनी १९५७ मध्ये माणकाच्या रंगाविषयी मांडलेल्या विचारात त्याचे मूळ आहे. क्रोमियम ॲल्युमिनियमपेक्षा आकाराने थोडा मोठा. तो कुरुंदातील अपुऱ्या जागेत दाबून बसविला जातो. ऑक्सिजन त्याला खेटतात, क्षेत्र प्रबळ होते व मजल्यांतील अंतर वाढते. शुद्ध क्रोमियम ऑक्साइडात तो ऐसपैस बसतो, म्हणून अंतर घटते आणि रंग हिरवा येतो. कुरुंदात क्रोमियमचे प्रमाण वाढवीत नेले, तर स्फटिक लालाचा करडा व करड्याचा हिरवा होत जातो, हे या विचाराशी जुळते. माणिक खूप तापविले तर ते हिरवट होते आणि निवल्यावर पुन्हा लाल होते. तापल्याने स्फटिक प्रसरण पावतो व दाटी कमी होते, हेही जुळते.

परंतु शेजाऱ्यांमधील अंतर प्रत्यक्ष मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. शंभरात एखादा असणाऱ्या क्रोमियमचीच निवड करून त्याच्या भोवतालचे माप घेणे क्ष-किरणांच्या शोषण-वर्णपटाने शक्य झाले, आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्समधील संशोधकांनी माणिक व पाचू यांवर हे प्रयोग केले. शुद्ध कुरुंदात ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांतील सरासरी अंतर सुमारे ०.१९१ नॅनोमीटर असते. माणकात क्रोमियम व ऑक्सिजन यांतील अंतर सुमारे ०.१९७ आढळले, क्रोमियम ऑक्साइडात ते ०.१९९ असते. म्हणजे क्रोमियम दाबून बसत नाही. तो आपल्या शेजाऱ्यांना मागे सारून जवळजवळ हवी तेवढी जागा करून घेतो. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, पाचूतही हे अंतर जवळपास ०.१९७ च भरले. एक लाल, दुसरा हिरवा, आणि सहा शेजारी मात्र सारख्याच अंतरावर. माणिक व पाचू यांच्यातील भेदापुरते तरी दाटीचे स्पष्टीकरण त्यामुळे मागे घ्यावे लागले. त्याच सुमारास स्पेनमधील संशोधकांनी गणिताने दाखविले, की सहा ऑक्सिजनांपलीकडे स्फटिकभर पसरलेल्या आयनांचे विद्युत्क्षेत्रही विचारात घेतले पाहिजे. कुरुंदाच्या रचनेत हे दूरचे क्षेत्र मजल्यांतील अंतरात भर घालते. पाचूच्या अधिक सममित रचनेत त्याचे परिणाम एकमेकांस जवळजवळ छेदतात. रंग ठरविण्यात शेजाऱ्यांइतकाच गावाचाही वाटा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या दोन टोकांच्या मधोमध अलेक्झांड्राइट हे रत्न येते. क्रोमियमचा रुंद पट्टा त्यात पिवळ्या भागात, सुमारे ५७० ते ५८० वर पडतो, आणि हिरवा व तांबडा हे दोन्ही प्रकाश जवळजवळ तुल्यबळ बाहेर येतात. दिवसाच्या प्रकाशात निळ्या-हिरव्या किरणांचे प्रमाण पुरेसे असते, तेव्हा ते हिरवे दिसते. मेणबत्तीच्या प्रकाशात तांबडे किरण अधिक, तेव्हा लाल.

माणकाच्या बारीक रेषा शेजाऱ्यांच्या अंतरापासून बऱ्याच अलिप्त असल्या तरी पूर्णपणे नव्हेत, आणि हा थोडासा परिणामच पुढे उपयोगी पडला. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये पदार्थ चिरडून पृथ्वीच्या अंतर्भागातील दाब प्रयोगशाळेत निर्माण करता येतात; पण एवढ्या सूक्ष्म जागेत दाब मोजावयाचा कसा? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील संशोधकांनी १९७२ मध्ये त्या जागेत माणकाचा एक कण ठेवला आणि पारदर्शक हिऱ्यातून प्रकाश टाकून त्याची प्रतिदीप्ती पाहिली. दाबाखाली ६९४.३ ची रेषा आणखी तांबड्याकडे सरकते: सुमारे दहा हजार वातावरणांच्या दाबामागे ०.३६५ नॅनोमीटर. अतिउच्च दाबाच्या प्रयोगशाळांतून डोळ्याला जेमतेम दिसणारे माणकाचे असे कण दाबमापक म्हणून अद्यापि वापरले जातात.